कोलकाता तर बरोबर आहे ना!

गणपतीतल्या प्रश्नमंजूषेत पोळ्यांचा स्टीलचा डबा हुकला, याचं मला दुःख नाही. डबे आमच्याकडे आहेत. झाकणं सापडत नाहीत, पण डबे आहेत.

शेवटचा प्रश्न होता आणि आम्ही नि सी विंगचं जोडपं बरोबरीत होतो. प्रश्नकर्ते काका म्हणजे सोसायटीचे माजी खजिनदार. माइक हातात आला की आवाजात आकाशवाणी उतरते. "भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला विजेता संघ कोणता?"

आयुष्यात फुटबॉलवरचा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. विचारतात ते धावांचं. माझा हात इतक्या जोरात वर गेला की खांद्यात कळ आली.

"जेसीटी, फगवाडा. १९९६-९७."

काकांनी कार्ड पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं.

"जेसीबी?"

"जेसीटी."

"रस्ते खणतात ते?"

"ते जेसीबी, काका. ही पंजाबातली कापडगिरणी. तिचा संघ होता. बायचुंग भुतिया आणि विजयन खेळायचे त्यात."

"कापडगिरणी फुटबॉल कशाला खेळेल?"

मुंबईत जन्म काढलेल्या माणसाने हे विचारावं! मफतलाल, ओर्के, किती गिरण्यांचे संघ कूपरेजच्या मैदानावर खेळून गेले. पण मी तोंड उघडेपर्यंत प्रश्न पुढे सरकला होता आणि सी विंगच्या वहिनी आत्मविश्वासाने म्हणाल्या, "कोलकाता नाइट रायडर्स."

मी हसलो. एकटाच.

"माझ्याकडे अ‍ॅटलेटिको दि कोलकाता लिहिलंय," काका म्हणाले. "पण कोलकाता तर बरोबर आहे ना! भावना पोचल्या. अर्धा गुण."

"काका, तो क्रिकेटचा संघ आहे!"

"म्हणून तर अर्धा."

त्या अर्ध्या गुणावर डबा गेला. मी व्यासपीठाकडे चालू लागलो. आता मान्य करतो, चाल जरा मारामारीचीच होती. म्हटलं, कोलकात्याने २०१४ मध्ये जिंकली ती इंडियन सुपर लीग. त्या वेळी देशाची अधिकृत वरची लीग आय-लीग होती. तिच्याआधी १९९६ पासून नॅशनल फुटबॉल लीग होती. तुम्ही 'राष्ट्रीय' विचारलंत, मी 'राष्ट्रीय' सांगितलं.

काका शांतपणे म्हणाले, "एवढी मोठी लीग असती तर मला माहीत नसती का?"

मग त्यांनी लोकशाहीचा मार्ग काढला. जेसीटी बरोबर वाटतं त्यांनी हात वर करा. खुर्च्यांतून एकच हात वर आला, तिसऱ्या मजल्यावरच्या बंगाली तरुणाचा. तो कोलकात्याच्याच मोहन बागान या फुटबॉल संघाचा भक्त. कोलकात्याचं उत्तर खोडायला बंगाली माणूस उभा राहतो, याहून मोठा पुरावा काय हवा!

"भाडेकरूंना मतदान नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, पण माइक तसाच चालू ठेवून, "तुम्हीही भाड्यानेच ना?"

घरी येऊन रात्री दीडपर्यंत जागा होतो. काकांवर चिडून काही उपयोग नाही, त्यांच्या कार्डावर जे होतं ते त्यांनी वाचलं. आपल्याकडे लीग चालवतात एखाद्या बुडीत दुकानासारखी. दर काही वर्षांनी पाटी बदलायची आणि खाली 'स्थापना'चं साल नव्याने रंगवायचं. १९९६ ला नॅशनल लीग, २००७ ला आय-लीग, २०१४ ला शेजारीच दुसरं झगझगीत दुकान. मग काही वर्षं दोन्ही दुकानं एकत्र उघडी आणि गिऱ्हाइकाला कळेना मालक कोण. २०२५ च्या जुलैत तर हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून नव्या लीगचा मोसमच थांबवून ठेवला.

आणि संघ? महिंद्रा युनायटेड, आपल्या मुंबईचा. २००५-०६ मध्ये लीगही जिंकली, फेडरेशन कपही. 'जीपवाले' म्हणायचे त्यांना. २०१० मध्ये बंद. जेसीटी २०११ मध्ये बंद. गोव्याच्या धेंपोने लीग पाच वेळा जिंकली, पण सोसायटीत नाव घेतलं तर लोक 'टेम्पो' ऐकतील. मिझोरामच्या ऐझॉलची तर कथाच होती. आधीच्या मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला संघ परत घेतला गेला आणि २०१६-१७ ला थेट विजेता झाला. अशीच अनपेक्षितपणे लीग जिंकणाऱ्या इंग्लंडच्या लेस्टरचं नाव इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऐझॉल म्हटलं की व्हिसा लागतो का विचारतात.

गंमत म्हणजे काकांच्या कार्डावरचा संघही आता त्या नावाने उरलेला नाही. अ‍ॅटलेटिको गळून नुसतं एटीके झालं, २०२० मध्ये ते मोहन बागानला जोडलं, २०२३ मध्ये बागानच्या नावापुढचं एटीकेही पुसलं. म्हणजे पहिला विजेता नाहीसा झालेला की दुसरा, एवढ्यावरच आमचं भांडण होतं. हे मला व्यासपीठावर सुचलं नाही. सुचलं ते दात घासताना.

सकाळी काकांना गाठलं. ते म्हणाले, "लेखी द्या, मीटिंगमध्ये घेऊ." मी दोन पानी अर्ज लिहिला, सालवार विजेत्यांच्या यादीसकट. ऑफिसातून उत्तर आलं, भाडेकरूंनी पत्रव्यवहार घरमालकामार्फत करावा. तसं केलं.

काल रात्री मालकांचा पुण्याहून फोन आला. आवाज काळजीचा.

"अहो, अर्ज वाचला नाही पूर्ण, पण काकांशी बोललो. सोसायटीत जेसीबी कशासाठी आणताय? माझं पार्किंग तर खणत नाहीत ना?"