हजार चाहते आणि महिन्याचे सात हजार

लेखकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर गेली काही वर्षं सारखा फिरतो आहे. दर वेळी चार शब्द बदलतात, पण आशय तोच. आता प्रकाशकाच्या दारात जायची गरज नाही, लेखकाला फक्त हजार चाहते लागतात. रोज फेसबुकवर लिहा, ब्लॉग काढा, वाचक आपोआप जमतात. ब्लॉगवर जाहिराती लागतात. पुस्तक स्वतः छापलं की सगळा नफा आपला. वर्षभरात नोकरी सोडता येते.

मी बारा वर्षं ब्लॉग लिहिते आहे. तीन पुस्तकं स्वतः छापली आणि घरातल्या जेवणाच्या टेबलावर पाकिटं बांधून विकली. त्यामुळे या मजकुराकडे दुर्लक्ष करून चाललं असतं. पण मागच्या महिन्यात एक मुलगा घरी आला. खासगी कंपनीत नोकरी, कथा चांगल्या लिहितो. म्हणाला, “ताई, अकराशे फॉलोअर झालेत. पीएफमधून पैसे काढतोय, हजार प्रती छापू ना?” त्याच्या फोनवर हाच मजकूर उघडा होता. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

“हजार चाहते झाले की घर चालतं.”

हा आकडा केविन केली यांचा. अमेरिकेतल्या ‘वायर्ड’ मासिकाचे ते संस्थापक कार्यकारी संपादक. २००८ साली एका निबंधात त्यांनी ‘हजार खरे चाहते’ ही कल्पना मांडली. त्यांच्या लेखी खरा चाहता म्हणजे तुम्ही जे काही कराल ते विकत घेणारा माणूस. अशा प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलर नफा सुटला पाहिजे, त्याच्याशी तुमचा थेट संबंध पाहिजे, आणि पैसे थेट तुमच्या हातात आले पाहिजेत, या त्यांच्या अटी होत्या. मराठीत येता येता अटी गळाल्या, मग ‘खरे’ हा शब्द गळाला, आणि शेवटी चाहत्याचा फॉलोअर झाला.

आपल्याकडचा हिशेब मी त्या मुलासमोर कागदावर मांडला, तोच इथे देते. समजा १७६ पानांचं, म्हणजे सोळा पानांचा एक असे अकरा फर्म्यांचं पुस्तक आहे. छापील किंमत ३०० रुपये. वाचकाला टपालखर्चासह २५० रुपयांत घरपोच द्यायचं. छपाई आणि बांधणी प्रतीमागे १०० रुपये धरू. टपालाचे २४, पुठ्ठा, पाकीट आणि चिकटपट्टीचे १०. राहिले ११६. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन यांचे ३० हजार रुपये हजार प्रतींवर पसरले, तर प्रतीमागे आणखी ३० गेले. हाती ८६ रुपये. हजारच्या हजार प्रती एका वर्षात खपल्या, एकही परत आली नाही, एकही भेट दिली नाही, तरी वर्षाचे ८६ हजार. महिन्याला सात हजारांच्या आसपास.

घरखर्चाला महिन्याला ४० हजार लागतात असं धरलं, तर त्याच हजार माणसांना वर्षाला पाच ते सहा पुस्तकं विकावी लागतील, म्हणजे दर दोन महिन्यांनी एक नवं पुस्तक. कोणता लेखक असं लिहू शकतो, आणि लिहिलं तरी ते वाचण्यासारखं असेल का? तुमच्या शहरातले छपाईचे दर वेगळे असतील, किंमत वेगळी असेल, तर आकडे बदलून पाहा. पण कागदावर मांडून पाहा, एवढं मी हात जोडून सांगते. मी हा हिशेब पहिल्या पुस्तकाच्या वेळी मांडला नव्हता. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मांडला, तेव्हा पहिल्याच्या तीनशे प्रती पलंगाखाली होत्या.

“रोज लिहा, पोहोच वाढते, पोहोच वाढली की विक्री होते.”

पहिला अर्धा भाग कधीकधी खरा असतो. दुसरा खरा नाही. माझ्या ब्लॉगवरचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख आईच्या हातच्या उकडशेंगोळ्यांवरचा. तो शेकडो जणांनी पुढे पाठवला, बऱ्याच ठिकाणी माझं नाव काढून. त्या आठवड्यात पुस्तकाची एकही मागणी आली नाही. उलट एका पुस्तकाची प्रकाशनपूर्व नोंदणी जाहीर केली तेव्हा त्या पोस्टला लाइक कमी पडले, पण नोंदणीचे पैसे पहिल्या दिवसापासून येत राहिले. ते आले कुठून, तर माझ्या वहीत ज्यांची नावं होती त्यांच्याकडून.

ही वही म्हणजे काय ते सांगते, कारण छोटा धंदा उभा राहतो तो तिच्यावर. नाव, गाव, पिनकोड, फोन नंबर, कोणतं पुस्तक कधी घेतलं, वाचून काय कळवलं. मी आधी खरोखरच वहीत लिहीत होते, आता एक्सेलमध्ये ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. लोक याला अडचण म्हणतात. मला ती चाळणी वाटते. जो माणूस तुमचा नंबर ‘लेखिका’ किंवा ‘ब्लॉगवाल्या ताई’ म्हणून साठवून ठेवतो, तो केलींच्या व्याख्येच्या जवळ जातो. अकराशे फॉलोअरांपैकी असे किती आहेत, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारला. त्याला सांगता येईना.

दुसऱ्याच्या जागेवर सगळं घर बांधण्याचा धोकाही लक्षात घ्या. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस २०१९च्या एप्रिलमध्ये गेलं. फेसबुकवर दीर्घ लेखनासाठी ‘नोट्स’ची सोय होती, ती २०२० साली काढून टाकली. माझं स्वतःचं एका माध्यमावरचं पान एका रात्री कुणीतरी बळकावलं आणि मला ते परत मिळालंच नाही. सहा वर्षांचं लेखन दुसरीकडे साठवलेलं होतं म्हणून वाचलं. त्या पानावरची माणसं मात्र गेली, कारण त्यांचे पत्ते मी तोवर लिहून ठेवले नव्हते. वही त्यानंतर सुरू झाली.

ब्लॉगच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. ब्लॉगवर जाहिराती लावणारी गूगलची अ‍ॅडसेन्स ही सेवा मराठी पानांवर चालते, हे खरं आहे. पण खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, आणि आठवड्याला एक मनापासून लिहिलेला ललित लेख टाकणाऱ्या ब्लॉगला तो आकडा गाठायला वर्षानुवर्षं लागू शकतात. तोवर वाचकाला प्रत्येक परिच्छेदानंतर केसगळतीच्या तेलाची जाहिरात बघावी लागते. मी त्या काढून टाकल्या.

“फुकट वाचायला द्या, तेच लोक पुढे ई-बुक विकत घेतात.”

इथे एक नियम कुणी सांगत नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुक विकताना भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल, तर पुस्तक त्यांच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत घालावं लागतं, आणि त्या मुदतीत त्याची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. थोडासा नमुना चालतो, सगळ्या कथा चालत नाहीत. योजनेत गेलं नाही तर मानधन ३५ टक्के. म्हणजे ‘आधी ब्लॉगवर फुकट, मग किंडलवर विकत’ हे दोन सल्ले एकमेकांचे पाय ओढतात. कथा ब्लॉगवर राहू द्यायच्या असतील तर छापील पुस्तक काढा. त्यावर हे बंधन नाही.

“स्वतः छापा, सगळा नफा तुमचा.”

प्रकाशकाबद्दलचा राग मला समजतो. वर्षानुवर्षं हिशेब न मिळालेले, पाठपुरावा करून थकलेले लेखक मी पाहिले आहेत. पण प्रकाशक काय करतो हे न समजून घेता त्याची जागा घेतली, तर ते काम कुणीच करत नाही. संपादन होत नाही. मुद्रितशोधन लेखक स्वतः करतो, आणि स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. माझ्या पहिल्या पुस्तकात एका पात्राचं नाव पान ४० नंतर बदललं आहे. ते मला पंढरपूरच्या एका वाचकाने कळवलं, फार सौम्य शब्दांत.

दुकानात पुस्तक ठेवायचं तर वितरकाला छापील किमतीवर ४० टक्के आणि त्याहून जास्त सूट द्यावी लागते, शिवाय पैसे कधी येतील ते त्याच्या हातात. १९६७च्या कायद्यानुसार चालणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत, आणि ती मराठी पुस्तकांची मोठी गिऱ्हाईकं आहेत. पण त्यांची खरेदी बहुतेक वेळा विक्रेत्यांच्या यादीतून होते. एक पुस्तक घेऊन एकटा लेखक गावोगावच्या ग्रंथपालांपर्यंत जाऊ शकत नाही. मी सांगली जिल्ह्यात प्रयत्न केला. अकरा ग्रंथालयांत गेले, चार प्रती विकल्या, आणि बसभाडं त्याहून जास्त झालं.

स्वतः छापणाऱ्यांना काही गोष्टी आज खरोखर सोप्या आहेत. त्या मजकुरात असायला हव्या होत्या, त्याच नाहीत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केंद्र सरकारच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. तेव्हा ‘लेखकांसाठी खास पॅकेज’मध्ये त्याचे वेगळे पैसे लावले असतील तर सही करू नका. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. वरच्या हिशेबातले २४ रुपये तिथून आले. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि आत जाहिराती नकोत. पुस्तक जमिनीच्या मार्गाने जातं, म्हणून थोडा वेळ लागतो. वाचकाला तसं आधी सांगितलं की कुणी तक्रार करत नाही.

“लेखनावर जगणारे मराठी लेखक आज शेकडो आहेत.”

ते कशावर जगतात ते बघा. अनुवाद, ऑडिओ पुस्तकांचं लेखन, मालिकांचे संवाद, संस्थांच्या स्मरणिका, कंपन्यांची पत्रकं, आणि शब्दांकन. पुस्तकांच्या विक्रीवर घर चालवणारे फार थोडे. यात कमीपणा काहीच नाही. माझ्या मते लेखकाचा छोटा धंदा इथेच आहे, आणि ब्लॉगचा खरा उपयोगही इथेच होतो.

माझं उदाहरण देते. सूतगिरणीतल्या रात्रपाळीवर मी एक लेख लिहिला होता. फार वाचला गेला नाही. चार महिन्यांनी सोलापूरहून एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील गिरणी कामगार, पंचाहत्तरीला आलेले. “बाबांच्या आठवणी तुम्ही लिहून द्याल का? घरच्यांपुरतंच पुस्तक करायचंय.” आठ बैठका झाल्या. त्या आजोबांना मागाच्या आवाजावरून कोणता धागा तुटला ते कळायचं, हे मी तिथे ऐकलं. साठ प्रतींचं ते पुस्तक अमृतमहोत्सवाच्या दिवशी वाटलं गेलं. मला मिळालेलं मानधन माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या सगळ्या नफ्याहून जास्त होतं. त्या घरातून पुढे दोन कामं आली. तो एक लेख नसता तर त्या बाईंना मी कोण, हे कळलंच नसतं. म्हणून ब्लॉग लिहा असं मीही सांगते. तो तुमच्या हाताची चव दाखवतो, आणि ती कळली की माणसं काम घेऊन येतात. फक्त मागाल ते मानधन आधी ठरवा, निम्मे पैसे सुरुवातीला घ्या, आणि ओळखीच्या माणसालाही आकडा लेखी द्या.

आता याच मजकुराखाली येणारं उलट टोकाचं उत्तर: “मराठी माणूस विकत घेऊन वाचतच नाही.” हे मला पहिल्या दाव्याहून जास्त लागतं. संपादक का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा समाज दर शरदात पैसे देऊन अंक घेतो आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे शेअर विकले, आगाऊ वर्गणीदार जमवले, आणि २३ विभाग पुरे करून दाखवले. प्रकाशनपूर्व सवलत योजना ही तर आपल्या प्रकाशन व्यवहाराची जुनी रीत आहे. पुस्तक छापण्याआधी वाचक पैसे भरतो, फक्त शब्दावर. यूपीआयने ती आणखी सोपी केली. माझ्या वहीतल्या माणसांनी तीनदा तसे पैसे भरले आहेत. त्यात शिक्षिका आहेत, एक एसटी वाहक आहेत, न्यू जर्सीतल्या एक आजी आहेत, ज्या पुण्याच्या पुतण्याच्या पत्त्यावर प्रती मागवतात. ‘मराठी माणूस घेत नाही’ असं म्हणणारा या माणसांना खोटं पाडतो.

त्या मुलाने पीएफचे पैसे काढले नाहीत. घरी जाऊन त्याने अकराशे फॉलोअरांना एकच गोष्ट लिहिली: कथासंग्रह येतोय, २५० रुपये, नोंदणीसाठी नाव, पत्ता आणि पिनकोड कळवा. तीन आठवड्यांत ६३ जणांनी पैसे भरले. तो आता दीडशे प्रती छापतो आहे. काल त्याचा फोन आला होता. ६३ पैकी नऊ जण एकट्या परभणीतले निघाले, आणि तो त्यांना ओळखत नाही, तर त्यांना भेटायला जावं का, असं विचारत होता. मी म्हटलं, जा, आणि प्रती स्वतःच्या हाताने दे.