तुंबाड: सोन्याकडे नको, पिठाकडे बघा

(शेवटासकट सगळं लिहिलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.)

राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'बद्दल (२०१८) कुणालाही विचारा, उत्तर येतं: लोभाची गोष्ट. खरंच आहे. पण ते सिनेमा उघडच सांगतो, त्यासाठी खोदकाम करावं लागत नाही.

भयपटाचा अर्थ लावताना घोटाळा होतो तो तयार कोश वापरल्यामुळे. लाल म्हणजे रक्त, विहीर म्हणजे मनाचा तळ. असं वाचलं की सगळे सिनेमे सारखेच निघतात. त्यापेक्षा दुसऱ्यांदा पाहताना एकच वस्तू धरा. ती कधी येते, कुणाच्या हातात असते, तिच्यावाचून काय अडतं, शेवटी कुठे जाते, एवढं कागदावर टिपा.

इथे ती वस्तू पीठ.

हस्तरची कथा आठवा. (पुराणात शोधू नका, ती सिनेमासाठी रचलेली आहे.) देवीच्या या पहिल्या मुलाला सोनं मिळालं. धान्यालाही हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले आणि आईनं त्याला पोटात घेऊन वाचवलं. म्हणजे ज्याच्याकडे सोनं आहे तोच कायमचा उपाशी. सिनेमाचा नायक विनायक दोरावरून देवीच्या त्या लाल, मांसल गर्भात उतरतो (दोर नाळेसारखाच दिसतो), पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली पुढे करतो. हस्तर ती खाण्यात गुंतला की तेवढ्यात लंगोटीतल्या मोहरा काढायच्या. हस्तरला लोभाचं प्रतीक म्हणणारे इथेच चुकतात, असं माझं ठाम मत आहे. त्याला भूक आहे. लोभ वरून दोर सोडून येतो.

पावसावर लोक फार लिहितात. तो देवांचा कोप आहे हे सिनेमातच सांगितलंय, पुढे जाऊ.

आता आपला 'पिंड' शब्द घ्या. श्राद्धाला ठेवतात तो पिंड, गर्भात वाढतो तो पिंड, माणसाचा मूळ स्वभाव तोही पिंडच. गर्भात अडकलेल्या भुकेल्यापुढे कणकेचा छोटा देह ठेवायचा, यात हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. दिग्दर्शकाच्या डोक्यात हेच होतं असा माझा दावा नाही. पण संवाद हिंदीत असले तरी हे दृश्य मराठी माणसाच्या आत कुठेतरी ओळखीचं लागतं, ते यामुळे.

आणि मग १९४७चा भाग. विनायक आणि त्याचा मुलगा पांडुरंग, या बापलेकांचा बेत असा की मोहरा वेचत बसण्यापेक्षा लंगोटीच पळवायची. हस्तरला जास्त वेळ गुंतवायचं म्हणून बाहुल्याही जास्त न्यायच्या. गणित चुकतं, कारण जितक्या बाहुल्या तितके हस्तर. मुलाला वाचवायला विनायक त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो. आयुष्यभर खाऊ घालणारा आता स्वतःच बाहुली झालेला असतो.

शेवटची आग समजून घ्यायची तर १९३३मध्ये मागे जा. अंगातून झाड उगवलेली शापित म्हातारी विनायकला गुपित सांगते आणि त्या बदल्यात तो तिला जाळून सोडवतो. या सिनेमात आग म्हणजे सुटका, हे तिथे ठरलेलं आहे. म्हणून पांडुरंग तशाच शापित झालेल्या बापाला पेटवतो तेव्हा मला त्यात सूड दिसत नाही, लेकाचं कर्तव्य दिसतं. बाप लंगोटी पुढे करतो, तो ती घेत नाही. अग्नी देतो. पिंड द्यायचा राहतच नाही, तो बापानं आधीच अंगाला बांधून घेतलेला असतो.