गणपतीपुरता रस्ता नकोय, बारा महिने चालेल असा हवाय

गौरी-गणपती झाले, चाकरमानी आपापल्या गाड्यांनी परत गेले, आणि त्यांच्या मागोमाग आमच्या फाट्यावरचा रोलर पण गेला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो तर रोलर नाही, डंपर नाही, लाल झेंडी घेऊन उभी असायची ती माणसं नाहीत, कोणीच नाही. पंधरा दिवस रात्रंदिवस धावपळ चालली होती, खड्ड्यात खडी टाक, ग्रीट टाक, काही ठिकाणी तर पेव्हर ब्लॉक आणून बसवले, साहेबांच्या गाड्या सारख्या येत-जात होत्या, आणि परवाच्या एका पावसात ती सगळी बारीक खडी वाहून कडेला येऊन पडलीये आणि खड्डा होता तसा उघडा. डोकं फिरलंय माझं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

मुंबई-गोवा हायवे. आधीचा १७ नंबर, आता ६६. पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जातो, पाच राज्यांची किनारपट्टी जोडतो, म्हणजे गावातल्या पाणंदीबद्दल मी बोलत नाहीये, राष्ट्रीय महामार्गाबद्दल बोलतोय.

खड्ड्यांचा राग आहेच पण त्याहून जास्त राग मला या "गणपतीच्या आधी" या शब्दांचा येतो. दरवर्षी जुलै उजाडला की सुरू, गणपतीच्या आधी खड्डे भरू, गणपतीच्या आधी पाहणी दौरा, गणपतीच्या आधी एक लेन पूर्ण करू, २०२३ ला पण हेच सांगितलं होतं, एका बाजूची काँक्रीटची लेन गणपतीच्या आधी. अहो पण आम्ही इथे बारा महिने राहतो! शिमग्याला राहतो, आंब्याच्या सीझनला राहतो, भर पावसात राहतो, आमची पोरं जूनपासून याच रस्त्याने एसटीने कॉलेजला जातात, बाळंतपणाला बाई अडली की याच रस्त्याने चिपळूण नाहीतर रत्नागिरी गाठावी लागते, डायलिसिसवाले पेशंट आठवड्यातून दोन-दोनदा याच रस्त्यावरून हाडं खिळखिळी करून घेत जातात. पाहुणा यायचा म्हणून अंगण सारवायचं आणि पाहुण्याने पाठ फिरवली की घर गळतंय का ते बघायचं पण नाही, असं वागवलंय आम्हाला. चाकरमानी आमचेच आहेत, माझा सख्खा भाऊ डोंबिवलीला आहे, त्याला पण नीट रस्ता मिळालाच पाहिजे. पण तो दहा दिवस येतो, मी बाकीचे साडेतीनशे दिवस इथे आहे ते कुणाच्या हिशोबातच नाही.

पनवेल ते इंदापूर, ८४ किलोमीटरचा टप्पा, चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं. त्याच वर्षी मी मागच्या कातळावर चाळीस कलमं लावली होती. सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून टाकली, तीन उन्हाळे हंड्याने पाणी घातलं. ती कलमं जगली, वाढली, फळ धरायला लागली, कित्येक वर्षं त्यांचा हापूस वाशीच्या बाजारात जातोय. कातळावर कलम जगवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. ते एका घरातल्या तीन माणसांना जमलं, आणि सरकारला, एवढी यंत्रं एवढे इंजिनिअर एवढे कोटी हाताशी असताना, त्या कलमांवरून आंबा उतरायला लागेपर्यंत पण रस्ता देता आला नाही. आमच्याकडे इंदापूरच्या खाली तर काम नंतर आलं, ते पण तुकडे पाडून, एकेका तुकड्याचा ठेकेदार वेगळा, आणि त्यातला आरवली ते वाकेडचा आमचा पट्टा सगळ्यात रखडलेला.

आता आंब्याचंच सांगतो, कारण आर्थिक विकास, लॉजिस्टिक्स, कनेक्टिव्हिटी हे शब्द भाषणात ऐकून ऐकून कान किटलेत. हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी पेढे वाटले. त्या हापूसचा प्रवास एकदा बघायला या. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, एकेक फळ देठासकट उतरवायचं, खाली पडू द्यायचं नाही, पडलं की ते बाजूला काढायचं कारण मार लागलेला आंबा पेटीत गेला तर शेजारच्या चार फळांना घेऊन जातो. मग प्रतवारी, मग पेंढा घालून पेटी भरायची, माझी बायको आणि आई दोघी भरतात, आईचं वय पंचाहत्तर आहे पण पेटी तिच्या हातचीच, पेंढ्याची गादी किती जाड हवी ते तिला हाताला कळतं. संध्याकाळी गाडी निघते, पहाटेपर्यंत वाशीला पोचली पाहिजे, उशीर झाला की त्या दिवसाचा बाजार गेला, माल शिळा धरला जातो. तीनशे किलोमीटर. चांगल्या रस्त्याने पाच-सहा तास.

मागच्या एप्रिलमध्ये मी स्वतः गाडीबरोबर गेलो होतो, दलालाशी दोनदा फोनवर वाजलं होतं म्हणून. माणगावला रात्री अडीच तास एका जागी उभे होतो. पुढे मागे ट्रेलर, इंजिन बंद, आणि मागे ताडपत्रीखाली माल उबतोय, पिकतोय, वास सुटलाय. त्याच्या आधी डायव्हर्जनवर दणके बसत होते तेव्हा प्रत्येक दणक्याला माझ्या पोटात गोळा येत होता, ड्रायव्हर बिचारा पहिल्या गिअरवर चालवत होता तरी. वाशीला पोचलो तेव्हा उजाडून गेलं होतं. गाळ्यावर दलालाने वरची पेटी उघडली, पेंढा बाजूला केला, एक फळ उचलून अंगठ्याने बाजूला हलकंच दाबलं आणि अंगठा आत गेला. दुसरं उचललं, ते पण तसंच. मला म्हणाला, "काका, माल एक नंबर आहे, पण हा आता आजच्या आज गेला पाहिजे, भाव मागू नका." मी काय बोलणार? तो खोटं बोलत नव्हता. मधल्या थरातली फळं एका बाजूने काळी पडली होती, आईने एवढ्या जपून लावलेली. त्या ट्रिपची पट्टी आली त्यात भाडं, हमाली, कमिशन वजा जाता जे उरलं त्यात फवारणीच्या औषधांचे पण पैसे सुटले नाहीत. ती पट्टी मी आईला दाखवली नाही.

हे एका गाडीचं झालं. सीझनला अशा किती गाड्या जातात त्याचा विचार करा आणि मग मला सांगा कोकणातला शेतकरी आळशी आहे म्हणून.

कारणं द्यायला सगळे पुढे. भूसंपादन अडलं. बरं, हे अर्धं खरं आहे, मी नाकारत नाही, आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात, निम्मे मुंबईला, काही वारलेले, मोबदला कुणाच्या नावे काढायचा यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. कर्नाळ्याच्या अभयारण्याची परवानगी, तेही मान्य. ठेकेदाराकडे पैसे संपले, नवीन ठेकेदार आणला, त्याने पण काम टाकलं. आणि शेवटी पाऊस. पाऊस जास्त आहे हो, पण तो इथे पिढ्यान्पिढ्या पडतोय, टेंडर काढताना तो माहीत नव्हता का? याच डोंगरातून, याच पावसात, याच पन्नास नावांच्या सातबाऱ्यांमधून कोकण रेल्वे गेली. १९९० ला काम सुरू झालं आणि जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी धावली, नव्वदच्या वर बोगदे, सव्वासातशे किलोमीटरच्या वर लाईन. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, इंजिनिअर श्रीधरन, ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी करून दाखवलं. माझे वडील पहिल्या गाडीला नारळ घेऊन स्टेशनवर गेले होते. तेव्हा कोकणातली माती वेगळी होती का?

आणि हायवेवरचं उदाहरण हवं असेल तर ते पण आहे, महाडचा सावित्रीवरचा पूल. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला आणि दोन एसटी आणि बाकीच्या गाड्या माणसांसकट नदीत. किती दिवस बॉडी सापडत होत्या, काही तर सापडल्याच नाहीत. आजही तिथून जाताना एसटीतली म्हातारी माणसं हात जोडतात, मी पण जोडतो. त्यानंतर नवीन पूल १६५ दिवसांत बांधून दाखवला! १६५ दिवस. म्हणजे येतं यांना, सगळं येतं, यंत्रणा आहे, पैसा आहे, डोकं आहे. फक्त त्याआधी माणसं मरावी लागतात. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

मग चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल गर्डर चढवायच्या लाँचर मशीनसकट खाली आला, नशीब की जीव गेला नाही, भर नाक्यावर हो. मग परत डिझाईन बदला, परत थांबा, परत खालच्या गर्दीतून गाड्या काढा. परशुराम घाटात डोंगर उभा कापून ठेवला, दरड यायला लागली, घाट बंद. कशेडीचा बोगदा झाला हे चांगलं झालं, तो जुना घाट चढायचा वाचला, जे चांगलं आहे ते मी चांगलंच म्हणेन. सिंधुदुर्गातला रस्ता पण बराच आधी झाला. पण रस्ता साखळीसारखा असतो, मधल्या चार कड्या तुटलेल्या असतील तर बाकीच्या सोन्याच्या असून उपयोग काय, गाडी अडायची तिथे अडतेच.

आमच्या शेजारचा पोरगा सावर्ड्याला कामाला आहे. रात्री बाईकवरून येताना डायव्हर्जनला पडला. काँक्रीटची नवीन लेन संपते आणि तिथून खाली जुना डांबरी रस्ता जवळजवळ वीतभर खोल, उतार नाही, बोर्ड नाही, रिफ्लेक्टर नाही, एक गंजका ड्रम आडवा पडलेला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन बघितलं, हाताने मापलं, रक्ताचा डाग होता काँक्रीटच्या कडेला. सहा महिने त्याचा पाय प्लास्टरमध्ये. त्या कडेला एक घमेलं मसाला टाकून उतार करायला किती खर्च आला असता? एक पांढरा पट्टा मारायला किती?

आता विकासाचं. रस्ता आला की धंदा येतो हे मला कुणी शिकवायला नको, मी डोळ्यांनी बघितलंय. घाटावर कराड, सातारा, शिरवळ बघा, तो पुणे-बंगळूर रस्ता सुवर्ण चतुष्कोनात गेला, वाजपेयींच्या वेळचा, देशभरात ५,८४६ किलोमीटरचं जाळं, आणि त्या रस्त्याला लागून कारखाने, गोडाऊन, शोरूम, कॉलेजं उभी राहिली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ ला पूर्ण झाला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा पण उघडला. विदर्भ मराठवाड्याला मिळालं याचा आनंद आहे, त्यांनी पण खूप सोसलंय. पण ते २०११ नंतर ठरलं, नंतर सुरू झालं आणि आधी संपलं, मग आमच्यात काय कमी होतं ते कुणीतरी तोंडावर सांगा.

आणि अर्धवट रस्ता हा जुन्या रस्त्यापेक्षा वाईट असतो. जुना दोन पदरी होता, अरुंद होता, पण सलग होता, आणि त्याच्या कडेला लोकांचं पोट चालायचं. खानावळी, कोकम-काजूची दुकानं, पंक्चरवाले, शहाळीवाले, सगळे रुंदीकरणात उठवले. म्हटलं ठीक आहे, मोठा रस्ता येतोय, परत बसवू. आमच्या फाट्यावरच्या एका वहिनींची खानावळ होती, भाकरी आणि सुकट, ट्रकवाले थांबून खायचे. तिने मोबदल्याच्या पैशातून मागे सरकून नवीन शेड बांधली, पत्रे घातले, टेबलं आणली. समोर सर्व्हिस रोडच झाला नाही, मातीचा ढीग पडलाय दोन वर्षं, गाडी आत वळवायला जागा नाही. धूळ इतकी की ताट उघडं ठेवता येत नाही. मागच्या दिवाळीत शेड बंद करून ती मुलाकडे नालासोपाऱ्याला गेली. म्हणजे ज्या रस्त्याने गावात धंदा यायचा होता त्याच रस्त्याने माणूस गाव सोडून गेलं. टोलनाके मात्र हातिवल्याला आणि ओसरगावला रस्ता पुरा व्हायच्या आधी बांधून तयार होते, त्या कामाला भूसंपादन पण आडवं आलं नाही आणि पाऊस पण नाही.

माझी मागणी फार मोठी नाहीये. प्रत्येक पाच किलोमीटरला बोर्ड लावा, ठेकेदार कोण, काम कधी सुरू झालं, कधी संपणार, तारीख चुकली तर रोजचा दंड किती, आणि उचलला जाईल असा फोन नंबर. डायव्हर्जनला दिवे आणि उतार. आणि तारीख देताना गणपतीची देऊ नका, फेब्रुवारीची द्या, आमची पहिली पेटी निघते तेव्हाची.

काल गाडीवाल्याला फोन केला होता, पुढच्या सीझनचं भाडं आत्ताच ठरवून ठेवतो आम्ही. तो म्हणाला काका, मी यावेळी खालून जाणारच नाही, चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कराड, पुणे करून वाशी, डिझेल जास्त लागेल, टोल लागेल, पेटीमागे भाडं वाढवून द्यायला लागेल. मी हो म्हटलं. आईने आतून विचारलं, किती वाढवलंन? मी म्हटलं बघू, अजून ठरलं नाही.