‘गोव्यात ऊन काय कमी आहे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

पावसाळा संपता संपता ज्येष्ठांच्या रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्व उतरते, या माझ्या लेखातील विधानावर आपले दोन आक्षेप आहेत. एक, गोळ्या खपवण्यासाठीच ही भीती घातली जाते. आणि दुसरा, आपल्या ७६ वर्षांच्या आई रोज सकाळी सात वाजता बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) कोवळ्या उन्हात बसतात, तेव्हा त्यांना तपासणीची गरज नाही.

पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या मोठ्या वैद्यकीय चाचणीत ‘ड’ची रोज २,००० युनिट घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही, हे २०२२ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि लेखात ते न देणे ही माझी चूक झाली. मात्र त्या चाचणीतील बहुतेकांची रक्तातील ‘ड’ची पातळी मुळातच बरी होती. ती मिलीलीटरमागे १२ नॅनोग्रॅमच्या खाली गेलेल्या वृद्धांना तो निष्कर्ष लावता येत नाही.

कोवळ्या उन्हाबद्दल मात्र मी ठाम आहे. सूर्य खाली असताना त्याचे किरण वातावरणातून तिरके, लांबचा प्रवास करून येतात आणि त्वचेला ‘ड’ तयार करण्यासाठी लागणारी अतिनील-ब किरणे वाटेतच बव्हंशी शोषली जातात. आईंना अंगणात उभे करून त्यांची सावली पाहावी. ती उंचीहून लांब असेल, तर त्या उन्हातून ऊब मिळते, ‘ड’ जवळजवळ नाही. त्यातच सत्तरीनंतरची त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी ‘ड’ बनवते. पणजीत डिसेंबरातसुद्धा भर दुपारची सावली उंचीहून आखूडच पडते, म्हणून आपल्याकडे थंडीला दोष देण्यात अर्थ नाही. खरी तूट जूनपासूनच्या ढगांची. रक्तातील साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो, आणि नेमक्या त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, ट्रॉलर बंद असल्याने ताटातले ‘ड’ पुरवणारे ताजे बांगडे-तारलेही दुर्मीळ होतात.

वर्षातून एकदाच मोठा डोस देण्याचा आपला पर्याय मात्र कृपया टाळावा. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षाला एकदम ५ लाख युनिट दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढल्याचे २०१० मध्ये दिसून आले.

आईंचा जुना रिपोर्ट ‘नॉर्मल’ असल्याचे आपण लिहिले आहे. तो मे महिन्यातला की ऑक्टोबरातला, तेवढे जरूर कळवावे.