आत्याचा ढेकर

आत्याचं पित्त आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती पॅरिसला माझ्याकडे आली तेव्हा मीच उत्साहाने म्हटलं, "इथून रेल्वेने तीन तासांवर विशी आहे, औषधी पाण्याच्या झऱ्यांचं गाव. अख्खं गाव पोटाच्या तक्रारींवर मोठं झालंय." चूक माझीच.

गाव मात्र देखणं. लोखंडी नक्षीच्या छताखालून, डोक्यावर पावसाचा थेंब न पडता बागेला फेरी मारता येते. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन 1861 पासून इथे पाणी प्यायला यायचा. पुढे 1940 ते 1944 हिटलरशी हातमिळवणी करणारं मार्शल पेतांचं सरकार इथल्याच हॉटेलांतून चाललं. तेवढं प्रकरण या पाण्यानेही कुणाला पचलेलं नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कुठाय?"

'ग्रांद ग्रिय' झऱ्याचं पाणी 39 अंश, म्हणजे ताप चढलेल्या माणसाइतकं. तहानलेल्या गुरांनी तोंड घालू नये म्हणून पूर्वी भोवती मोठी जाळी होती, त्यावरून हे नाव पडलं म्हणतात. एक घोट घेतला आणि गुरं इथे आपणहून यायची याचंच नवल वाटलं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, वर रात्रभर भिजवलेला गंजका खिळा! आत्याने पिशवीतून स्टीलचं फुलपात्र काढलं, गटागटा प्यायली आणि छातीवर हात ठेवून थांबली.

"अगं, हा तर इनो. फसफस संपल्यावर उरलेला."

"बरं वाटतंय का?"

"ढेकर कुठं आलाय अजून?"

1676 मध्ये पत्रांसाठी गाजलेली फ्रेंच लेखिका मादाम द सेव्हिन्ये दुखरे हात घेऊन इथे आली होती आणि तिनेही लेकीला पत्रात या पाण्याच्या नावाने बोटं मोडली होती, असं मी सांगितलं. आत्याचा चेहरा उजळला. "शहाणी बाई."

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी काढून शारू गाठलं. टेकडीवरचं जुनं दगडी गाव, मोहरीच्या चटणीसाठी नावाजलेलं. वार सोमवार. म्हणजे दुकानांना कुलपं, आणि रस्त्यावर एक मांजर. वेशीच्या कमानीखाली बसून आम्ही आत्याच्या डब्यातल्या दशम्या खाल्ल्या, वर विशीच्या पांढऱ्या अष्टकोनी गोळ्या चघळल्या. मांजराने दशमी हुंगली आणि निघून गेलं. ढेकर नाहीच.

विशीहून निघताना तिथल्या सेलेस्तँच्या झऱ्यावर गावकरी बाटल्या भरत होते. फुकट म्हटल्यावर आत्याने लिटरची बाटली भरून घेतली. "तुझ्या काकांना."

ती बाटली चार दिवसांनी विमानतळाच्या तपासणीत हाती लागली. शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही, असं तिथला तरुण खुणांनी सांगू लागला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या बाटली रिकामी केली. सगळे गप्प. तरुणाने हात पुढे केला. आत्याने बोट वर करून त्याला थांबवलं.

आणि तो आला. दणदणीत, चार रांगांपर्यंत ऐकू जाणारा.

"हं," आत्या रिकामी बाटली त्याच्या हातात देत म्हणाली, "आता पाणी लागू पडलं."