बारावीच्या मुलींना बालवाडीकडे वळवताय? आधी एवढं बघा

अंगणवाडी सेविकेची नेमणूक गावाला बांधलेली असते, ही साधी गोष्ट बारावीतल्या मुलीला सहसा कोणी सांगत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस, दोन्ही पदांसाठी किमान बारावी पास, वय १८ ते ३५ (विधवांसाठी ४०) आणि स्थानिक रहिवासी या अटी आहेत. आता हिशेब मांडा. माहेरच्या गावात एकोणिसाव्या वर्षी निवड झाली, बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात गेली, की काम सुटलं. सासरी जागा निघेल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

म्हणून आमच्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एवढंच सांगणं आहे: या क्षेत्रात मुलीला पाठवायचं असेल तर गाव बदललं तरी सोबत येईल अशी पात्रता तिला आधी मिळवू द्या, आणि त्याची तयारी अकरावीपासून करून घ्या. ‘जागा निघाली की भर फॉर्म’ ही काही करिअरची दिशा नव्हे.

वाटा कोणत्या? अकरावी-बारावीला ‘बालविकास’ हा विषय आहे, बालभारतीचं पुस्तकही आहे. सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो शिकवत नाहीत, पण जवळपास कुठे असेल तर प्रवेशाआधी चौकशी करा. सीबीएसईच्या शाळांत याच विषयाचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या, निकषांनुसार पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे, तिला बारावीत ५० टक्के लागतात. चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. (आयटेप) हा तिसरा रस्ता. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते आणि त्यात पायाभूत स्तर, म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवणं, निवडता येतो. गृहविज्ञानात ‘मानव विकास’ घेऊन पदवी करणं हाही चांगला मार्ग आहे, पण त्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. पुढे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका व्हायचं असेल तर पदवी लागतेच.

डी.एल.एड.बद्दल (म्हणजे पूर्वीच्या डी.एड.बद्दल) घोळ फार होतो. ती पदविका प्राथमिक शाळेसाठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणातला पायाभूत स्तर तीन ते आठ वर्षांचा, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं अधिक पहिली-दुसरी. डी.एल.एड. यातल्या शेवटच्या दोन वर्षांना उपयोगी पडते. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हीसुद्धा पहिली ते आठवीसाठी असते, बालवाडीसाठी नाही. ‘डी.एड. केलं, आता बालवाडीत काय अवघड?’ असं म्हणणाऱ्याला साडेतीन वर्षांच्या वीस मुलांसमोर एक तास उभं करावं.

आणि ते झटपट ‘माँटेसरी कोर्स’! हे नाव पाटीवर कोणीही लावू शकतं. फी भरण्याआधी विचारायचं: प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास सराव आहे, तो कोणत्या बालवाडीत, आणि मुलीचा वर्ग कोण पाहून शेरा देणार? सरावाचा आकडा सांगता येत नसेल तर उठून या. ‘सरकारमान्य’ असं माहितीपत्रकावर छापलेलं असलं तरी एनसीटीईच्या यादीत त्या संस्थेचं नाव शोधा. अभ्यासक्रमाचं नाव मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि ती संस्था मान्यताप्राप्त असणं वेगळं.

आता मुख्य गोष्ट. ‘तिला लहान मुलं आवडतात’ ही पात्रता नाही. आवडतात ती बहुधा घरातली, एका वेळी एक, पोट भरलेलं मूल. काम मात्र वीस-पंचवीस मुलांचं असतं. हे काम जमेल का, हे कळायला अकरावीतच आठवड्यातून एकदा दोन तास, असे बारा आठवडे जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत घालवावेत. अंगणवाडीसाठी मुख्याध्यापकांनी पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पत्र द्यावं. सेविकेशी परस्पर तोंडी ठरवलं, तर तपासणीच्या दिवशी बोलणी तिला बसतात.

पहिले चार आठवडे फक्त बघायचं आणि लिहायचं. वहीच्या पानावर मधोमध रेघ. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. ‘हट्टी आहे’ हे उजवीकडे. ‘तीनदा खडू मागितला, मिळाला नाही, मग दाराशी जाऊन बसला’ हे डावीकडे. सुरुवातीला सगळ्यांची उजवी बाजू भरते आणि डावी कोरी राहते. चौथ्या आठवड्यापर्यंत डावी बाजू भरू लागली नाही, तर तिला हे काम झेपेल का याचा नीट विचार करा. वहीत मुलांची खरी नावं नकोत, खुणेची अक्षरं पुरेत. फोटो अजिबात नाहीत.

पुढचे चार आठवडे चार-पाच मुलांचा छोटा गट. गोष्ट सात-आठ मिनिटांची, त्याहून मोठी नको. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घरून पंचवीस मिनिटांचा कार्यक्रम बसवून आणणं. दहाव्या मिनिटाला मुलं पांगतात, मग मुलगी आवाज चढवते, मग मुलं आणखी ओरडतात. दुसरी चूक वाट बघायला लावण्याची. एक नळ, वीस मुलं, प्रत्येकाला अर्धा मिनिट: शेवटच्या मुलाला दहा मिनिटं रांगेत उभं राहायचंय. ढकलाढकली तिथेच सुरू होते, आणि दोष मात्र मुलांच्या ‘शिस्तीला’ दिला जातो. पाच-पाच जणांना पाठवा, बाकीच्यांचं बडबडगीत चालू ठेवा.

शेवटचे चार आठवडे साहित्य बनवणं. मळायच्या गोळ्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडंथोडं घाला. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि गोळा चिकट होतो, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा आणि हाताशी थोडं कोरडं पीठ. चिंचोके, वाटाणे, मणी लहान मुलांच्या हाती मोकळे देऊ नका, ते नाकात जातात. मोजायला बाटलीची मोठी झाकणं चालतात. आणि पालक कितीही म्हणोत, तीन वर्षांच्या मुलाला ‘अ’ गिरवायला बसवू नका. बोटांची ताकद गोळा मळून, कागद फाडून, दोरीत मोठे मणी ओवून येते (ओवताना मोठं माणूस शेजारी हवं).

अंगणवाडीत गेलेल्या मुलीनं फक्त गाणी-गोष्टी बघून परत येऊ नये. अंगणवाडी ज्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत येते, त्या १९७५ मध्ये सुरू झालेल्या योजनेत शालापूर्व शिक्षण ही सहांपैकी एक सेवा आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण, आणि आता मोबाइलवरच्या नोंदी, यांतच सेविकेचा बराच वेळ जातो. वजन-उंचीच्या दिवशी मुद्दाम जायला सांगा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात, त्यावरच्याची उंची उभं करून. हे चुकलं की कुपोषणाची श्रेणीही चुकू शकते.

सुरक्षेचे नियम पहिल्या दिवशी लेखी द्या. विद्यार्थिनी स्वतः अठराच्या आतली असते. तिला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही, शी-शूची जबाबदारी द्यायची नाही, आणि मदतनीस रजेवर आहे म्हणून तिला तिच्या जागी राबवायचं नाही. ही शेवटची गोष्ट सर्रास होते.

पैशांचं लपवू नका. एप्रिल २०२३ पासून सेविकेचं मानधन १०,००० रुपये आणि मदतनिसांचं ५,५०० झालं, २०२४ मध्ये त्यात वाढ झाली. तरी ते मानधनच, वेतन नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही लढून मिळालेला. खाजगी बालवाडीत जाणार असेल तर विचारा: पगार बारा महिन्यांचा की सुट्टी वगळून? नेमणूकपत्र मिळतं का? एका ताईकडे किती मुलं? लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाबद्दलच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणासोबतच्या दर्जाच्या निकषांत तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय.

मुलग्यांसाठी अंगणवाडीची ही पदं नाहीत, ती स्त्रियांचीच आहेत. पण पदविका आणि आयटेपचं दार त्यांनाही उघडं आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाला यात रस असेल तर त्याला हसू नका, एवढं तरी करा.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया घरी बोलणारी मुलगी असेल, तर तिला सर्वात आधी विचारा. घरच्या भाषेत मुलाशी बोलणारी ताई कोणत्याही प्रशिक्षणातून दोन वर्षांत तयार होत नाही. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात बोर्डी आणि मग कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच, मुलांच्या अंगणात शाळा नेली. ती वाट आजही त्या भागातल्याच मुलींना जास्त जमेल.

बारा आठवडे संपले की सेविकेकडून किंवा बालवाडीच्या ताईंकडून पत्र घ्या. त्यात एकूण तास, कोणत्या वयाचा गट, काय काय केलं हे लिहून सही हवी. ‘वर्तणूक चांगली’ एवढंच लिहिलेलं पत्र पुढे कुठेच कामाला येत नाही.