वजन उतरवून नेम लागत नाही

"बीएमआय २५ च्या वर गेला की पोलिसाचा नेम बिघडतो. चरबीमुळे हात थरथरतो, सुटलेल्या पोटामुळे गोळीचा झटका पेलवत नाही. फायरिंग टेस्टच्या आधी आठवडाभर एकवेळ जेवा, पाणी निम्म्यावर आणा, स्कोअर वाढेल." असा एक मेसेज सध्या फिरतोय. बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. माझी मावसबहीण पोलीस दलात आहे. तिच्या बॅचच्या ग्रुपवर तो आला आणि तिने खरोखरच पाणी कमी केलं, म्हणून हे लिहिते आहे.

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करते, कारण त्याने माणूस आजारी पडेल. एक किलो चरबी घटवायला साधारण ७,७०० किलोकॅलरींची तूट लागते. आठवड्यात काट्यावर तीन-चार किलो उतरले, तर त्यातला मोठा वाटा पाण्याचा आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या साठ्याचा असतो. चरबी बहुतेक जागच्या जागी राहते. शरीराच्या वजनाच्या दोनेक टक्के पाणी घटलं तरी लक्ष ढळू लागतं, नाडी वाढते. त्यात उपाशीपोटी रक्तातली साखर फार उतरली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं: हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते. म्हणजे ज्या थरथरीवर हा उपाय सांगितलाय, तीच थरथर या उपायाने येते. आणि कोणाला, तर भरलेलं पिस्तूल हातात घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाला, ज्याच्या शेजारी सहकारी उभे आहेत! हे लिहिणाऱ्याने रेंजवर एक दिवस तरी काढला असेल का?

चरबीने हात थरथरतो म्हणे. पुढे धरलेला हात प्रत्येकाचाच थरथरतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा, सडपातळ माणसाचाही. थकवा, भीती, भूक, जास्त कॉफी यांनी ही थरथर वाढते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची नेमबाजीतली दोन पदकं काढून घेतली गेली, ती प्रोप्रानोलॉल सापडल्यामुळे. हे औषध अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम रोखतं, नाडी आणि थरथर कमी करतं. नेमबाजाची खरी झुंज कशाशी असते ते यावरून कळावं.

नेम नक्की कुठे चुकतो, हे साध्या भूमितीने दिसतं. पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची खूण यांत साधारण १६ सेंटिमीटर अंतर असतं. पुढची खूण एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी सहा सेंटिमीटर बाजूला जाते. हा मिलिमीटर बोटांतून येतो: चाप दाबताना अख्खा पंजा आवळला जातो, किंवा आवाजाच्या धास्तीने गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली जातं. पोटाचा इथे काय संबंध?

झटक्याचं तर सोडाच. तो हाताला नीट जाणवेपर्यंत गोळी नळीतून बाहेर पडलेली असते. प्रश्न पुढच्या गोळीचा असतो आणि तिथे उपयोगी पडते पकड. २००० साली अँडरसन आणि प्लेकास या संशोधकांनी पोलीस प्रशिक्षणार्थींच्या शारीरिक चाचण्या आणि नेमबाजीचे गुण ताडून पाहिले, त्यात पकडीच्या ताकदीचा गुणांशी संबंध दिसला. आता गंमत बघा, पकड कमवायला दंड-मनगटं भरावी लागतात आणि स्नायू वाढले की बीएमआयही वाढतो! पावणेदोन मीटर उंची आणि ८० किलो वजन म्हणजे बीएमआय २६.१, मग ते वजन स्नायूंचं असो की पोटाचं. बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ साली अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी रूढ केलं, तेही लोकसमूहांची तुलना करण्यासाठी. एकट्या माणसाचा नेम त्यावरून ठरवायचा हा शोध मेसेजवाल्याचा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. धावत येऊन लगेच गोळी झाडायची असेल, तर ज्याचा दम लवकर बसतो त्याला फायदा होतो, आणि पोट मोठं असेल तर गुडघ्यावर बसून आडोशामागून नेम धरताना ते मध्ये येतं. हृदयासाठीही जादा चरबी वाईटच. पण ती महिनोन्‌महिने व्यायाम करून उतरवायची असते. आणि जाड पोलिसांचे गुण कमी दिसले, तरी त्यांचं वय किती, रेंजवर शेवटचं कधी गेले होते, हे न विचारता दोष वजनावर ढकलता येत नाही.

टेस्टच्या आठवड्यात नेहमीसारखं जेवा, पाणी प्या, झोप पूर्ण करा. पिस्तूल रिकामं आहे ना हे दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सुरक्षित दिशेला धरून, पुढची खूण न हलवता चाप दाबण्याचा सराव करा. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर पाणी तोडायचा सल्ला चुकीचा आहे एवढं तरी लिहा.